पणजीचं नावच सापडत नाही : फेरफार, मोडी कागद आणि भावकीच्या वंशावळीतून बाई शोधायची कशी?

कृष्णाकाठ

जाणकारांची मदत हवी आहे. सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका, शेतकरी घर. पणजोबा १९१८ च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत) गेले. मागे दोन मुलगे, सहा आणि तीन वर्षांचे. पणजी त्यानंतर १९६१ पर्यंत होती. म्हणजे त्रेचाळीस वर्षं घर तिच्यावर किंवा तिच्या डोळ्यांदेखत चाललं. भावकीने छापलेल्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. घरात तिला सगळे 'थोरली आई' म्हणत, त्यामुळे खरं नाव कुणालाच सांगता येत नाही.

आत्ता जवळ असलेले कागद: चालू सातबारा (गट नंबरचा), १९१९ सालच्या वारस फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) आणि १९२४ च्या विक्रीच्या फेरफाराची झेरॉक्स, एका मोडी कागदाचा फोटो आणि अक्षरं झिजलेला तांब्याचा हंडा. वारस फेरफारात ओळ आहे ती इतकीच: 'खातेदार मयत, वारस मुलगे २ अज्ञान, अ.पा.क. आई.' आईचं नाव नाही.

दुसरं म्हणजे, सात एकरांतली दीड एकर १९२४ मध्ये विकली गेली. भावकीत आजही 'बाईच्या हाती कारभार गेला आणि जमीन गेली' असं बोललं जातं. हे तपासता येईल का? आणि नाव, माहेर, तिला मुली होत्या का, हे कुठे मिळेल?

---

नक्कल_अर्ज

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अल्पवयीन मुलांचा पालक. तुमच्या हातात आहे तोच धागा धरा, फक्त एका फेरफारावर थांबू नका. त्या काळच्या महसुली कागदावर बाईचं नाव बहुधा तेव्हाच उमटतं जेव्हा घरात सज्ञान पुरुष नसतो. नवरा गेल्यापासून मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंतचा काळ हाच तुमचा शोधाचा पट्टा. तुमच्या बाबतीत १९१८ ते १९३०, आणि धाकट्यासाठी १९३३. या पंधरा वर्षांतला त्या खात्याचा प्रत्येक फेरफार काढा. वारसाच्या नोंदीत तलाठ्याने नाव गाळलं असलं तरी बोजा, गहाण, विक्री, पालकाचं नाव कमी करणं या नोंदींत ते सापडण्याची शक्यता जास्त, कारण त्या व्यवहारात सही-अंगठा तिचा असतो.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर. एकत्रीकरण योजनेत (जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करताना) सर्व्हे नंबर मोडून गट पडले, आणि बहुतेकांचा शोध तिथेच अडकतो: लोक गट नंबर घेऊन १९२४ ची नोंद मागतात आणि रेकॉर्ड रूममधला कारकून 'असा नंबरच नाही' म्हणून अर्ज परत देतो. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ९(३) आणि ९(४) चा उतारा मागा. त्यात कुठला सर्व्हे नंबर, हिस्सा कुठल्या गटात गेला ते कळतं.

मग त्या सर्व्हे नंबरचे जुने सातबारे. नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. आकड्यावरून फेरफार, फेरफारावरून त्याआधीचा आकडा, असं मागे जायचं. अलीकडचे फेरफार तलाठ्याकडे, जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात. स्कॅन झालेले जुने अभिलेख ऑनलाइनही मिळतात, पण पान तिरकं, शाई फिकी, असले प्रकार फार. महत्त्वाच्या पानाची प्रमाणित नक्कल घ्याच.

फेरफाराची नक्कल मागताना 'वर्दी व जबाबासह' असं अर्जात लिहा. फेरफार म्हणजे निकालाच्या दोन ओळी. वर्दी (बदलाची खबर) कुणी दिली, जबाब कुणाचा झाला, हे पाठीमागच्या कागदांत असतं. प्रत्येक ठिकाणी ते टिकलेले नाहीत, पण मागितल्याशिवाय कुणी शोधत नाही.

'नाव कमी केले' वाचून मृत्यू समजू नका. नाव कमी होण्याची कारणं निरनिराळी: मुलगा सज्ञान झाला, हक्कसोड झाली, वाटप झालं, किंवा बाईने पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई, त्यामुळे 'पाट लावून गेली सबब' असा शेरा दिसतो. कारणाचा शब्द वाचल्याशिवाय वंशावळीत काही लिहू नका.

---

मोडीवाचक

मोडी कागदाचा फोटो सरळ वरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. कडा आणि पाठ दोन्ही हव्यात. पाठीवर बरेचदा साक्षी आणि तारीख असते आणि लोक तेवढंच सोडून देतात.

बाईचं नाव शोधताना आधी नाव वाचूच नका, नात्याचा शब्द शोधा. पुरुषाच्या नावात 'बिन' असतं, बाईच्या नावात 'कोम'. 'अमुकबाई कोम तमुक' म्हणजे तमुकची बायको. तुमच्याकडे, पश्चिम महाराष्ट्रात, हेच चालायचं. इतरत्र 'भ्र.' म्हणजे भ्रतार किंवा 'जौजे' दिसेल. विधवा झाली तरी 'कोम' कायम राहतं, म्हणून 'कोम' दिसलं की नवरा हयात, असं धरू नका.

शेवटी 'निशाणी' पाहा. जुन्या कागदांत पाटील-शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. इंग्रजी अमदानीतल्या पुढच्या कागदांत डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या हातचं नाव. बांगडीचं छोटं वर्तुळ शाईचा डाग समजून सोडलं जातं. त्याच्या दोन्ही बाजूंना नाव तोडून लिहिलेलं असतं, तेवढंच तुम्हाला हवं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्द तोडलेले नसतात. एखादं अक्षर अडलं की त्याच लेखकाने गावाचं किंवा महिन्याचं नाव कसं लिहिलंय ते बघा. ते शब्द तुम्हाला आधीच माहीत असतात, त्यावरून त्याचं वळण कळतं. शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९.

हिस्सा आणे-पैत असेल. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे पूर्ण जमीन १९२ पै. '५ आणे ४ पै' म्हणजे ६४ पै, म्हणजे तिसरा हिस्सा. दोन मुलगे असलेल्या घरात तिसरा हिस्सा दिसला तर तो तिसरा वाटेकरी कोण, हा प्रश्न लगेच विचारा.

---

कृष्णाकाठ

धन्यवाद. कागदाच्या तळाशी वर्तुळ आहे खरं, मी शिक्का समजत होतो. दुपारच्या उजेडात पुन्हा फोटो काढून टाकतो. आणि ती १९२४ ची विक्री? फेरफारात खरेदीदाराचं नाव आणि ३०० रुपये एवढंच आहे.

---

दस्त_शोध

फेरफारावरून विक्रीचं कारण सहसा कळत नाही. मूळ खरेदीखत काढा.

दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक १ नावावरून असते, सूची क्रमांक २ मिळकतीवरून. तुम्हाला नावच माहीत नाही, म्हणून सूची २ मध्ये गाव आणि जुना सर्व्हे नंबर धरून १९२३ ते १९२५ अशी तीन वर्षं पाहा. दस्त एका वर्षी आणि फेरफार दुसऱ्या वर्षी, हे नेहमीचं. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक १ (स्थावर मिळकतीच्या दस्तांचं) आणि या सूची फी भरून कुणालाही पाहता येतात, नातं सिद्ध करावं लागत नाही. मृत्युपत्राचं पुस्तक ३ मात्र तसं उघडं नसतं. तालुक्याचं कार्यालय मध्ये विभागलं गेलं असेल तर जुनी पुस्तकं जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकतात.

खरेदीखतात पहिल्या परिच्छेदात 'लिहून देणार' म्हणून तिचं पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार असं येईल: 'अज्ञान अमुक व तमुक यांची अ.पा.क. आई'. म्हणजे नाव आणि जन्माचं साल, अंदाजे का होईना, एकाच ओळीत.

आता तुमचा खरा मुद्दा. १९१८ साली मुलगे हयात असलेल्या विधवेला नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत मालकीचा हिस्सा नव्हता, फक्त अन्नवस्त्राचा हक्क. १९३७ च्या कायद्याने तिला मुलाइतका हिस्सा दिला, तोही हयातीपुरता. १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने तो कायदा शेतजमिनीला लागू नाही असं सांगितल्यावर मुंबई प्रांताला वेगळा कायदा करावा लागला. थोडक्यात, १९२४ मध्ये ती स्वतःची जमीन विकत नव्हती. मुलांची पालक म्हणून विकत होती, आणि अशी विक्री टिकायची तर 'गरज' दाखवावी लागे: मयत नवऱ्याचं कर्ज, थकलेला सारा, मुलीचं लग्न, घरदुरुस्ती, बैल. म्हणून पालक-विधवेच्या खरेदीखतात कारणांचा परिच्छेद बहुधा असतो, आणि रक्कम अनेकदा फोडून दिलेली असते. इतके अमुक सावकाराच्या रोख्यापोटी (कर्जखतापोटी), इतके साऱ्यापोटी, बाकी रोख. सावकाराचा रोखा १९१८ च्या आधीचा निघाला तर कर्ज पणजोबांचं होतं, तिने फेडलं, एवढं कागदावरून ठामपणे म्हणता येईल.

मात्र तो परिच्छेद दस्तलेखकाने कायद्यात बसेल असा लिहिलेला असतो. 'मुलांचे पालनपोषणासाठी' हे वाक्य जवळपास छापील. तारीख, रोख्याचा आकडा, सावकाराचं नाव यांवर विश्वास ठेवा, विशेषणांवर नको.

आणखी एक पडताळा आहे. मुलांना सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत आईने पालक म्हणून केलेली विक्री रद्द करून मागता येत होती. थोरल्याची मुदत १९३३ ला संपते, धाकट्याची १९३६ ला. त्या काळात दावा झाल्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नसेल तर बहुधा मुलांनी विक्री मान्य ठेवली, किंवा निदान मोडली नाही. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात १८९० च्या कायद्याखाली अर्ज होऊन पालक नेमला गेला असेल तर सज्ञानतेचं वय २१ धरावं लागेल, मग साल पुढे सरकतील. असा अर्ज चुलत्याने केलेला असू शकतो. बाईने कारभार त्याच्या हाती दिला नाही म्हणून.

सात एकरांतली दीड गेली, साडेपाच राहिली. भावकीच्या बोलण्यात राहिलेल्या साडेपाच एकरांचा हिशेब कुणी करत नाही, हे माझं मत.

---

नक्कल_अर्ज

वर 'दस्त_शोध' यांनी लिहिलेल्यात भर. दोन सालं तपासायची राहिली.

१७ जून १९५६. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि कलम १४ ने हिंदू स्त्रीच्या ताब्यातली हयातीपुरती मिळकत पूर्ण मालकीची झाली. पणजीला पोटगीदाखल एखादा तुकडा तोडून दिला असेल, आणि मुलगे वेगळे निघताना आईला असा तुकडा ठेवायची पद्धत होतीच, तर तो तिच्या एकटीच्या खात्यावर दिसेल. मग १९६१ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तिच्याच नावाने वारस फेरफार निघतो. त्यात मुलीही येतात. बापाच्या वारसाच्या नोंदीत नसलेल्या मुली आईच्या नोंदीत सापडतात, म्हणून १९६१ ते १९६५ चे फेरफार नजरेखालून घाला. नंतर त्यांच्याकडून हक्कसोड घेतली असेल तर त्या फेरफारात मुलींची सासरची नावं आणि गावंही मिळतील.

दुसरं साल १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कूळ मालक झालं, पण मालक विधवा असेल तर कुळकायद्याच्या कलम ३२ फ प्रमाणे कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. तिचा तुकडा कुळाकडे असेल तर सातबाऱ्यावर '३२ फ' आणि 'विधवा' असा शेरा दिसेल. तहसीलमधून शेतजमीन न्यायाधिकरणाचा तो केस नंबर काढा. त्यात तिचा जबाब असण्याची शक्यता आहे. जमीन कोण कसत होतं, खंड किती, कधीपासून, हे प्रश्न तिला विचारलेले असतात आणि उत्तर 'मी' या शब्दाने सुरू होतं. लिहिणारा कारकून असला तरी याहून जवळचा कागद मिळणार नाही.

नमुना बाराकडे, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागाकडे, दुर्लक्ष नको. पीकपाहणीत 'रीत' नावाचा रकाना असे. ३ म्हणजे जमीन दुसऱ्याकडून कसून घेतलेली. बाईच्या नावापुढे वर्षानुवर्षं ३ नसेल तर तिने ती वाट्याने न देता घरी करवली.

---

पितृपक्ष

कागदाआधी घरचा भटजी गाठा. महालयाच्या वेळी ज्यांना पिंड द्यायचा त्यांची यादी एखाद्या वहीत किंवा पंचांगाच्या मागे लिहिलेली असते. आई, आजी, पणजी तर येतातच, शिवाय सावत्र आई, चुलती, आत्या, बहीण. मूलबाळ नसलेली किंवा माहेरी परत आलेली बाई वंशावळीत येत नाही, या यादीत येते. तर्पणात बायकांच्या नावापुढे 'दा' लागतो, तेव्हा 'सरस्वतीदा' लिहिलेलं दिसलं तर नाव सरस्वती.

श्राद्धाची तिथीही बोलते. एखाद्या बाईसाठी अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला, सवाष्ण जेवू घालत असतील तर ती नवऱ्याच्या आधी गेली. ती तुमची पणजी असू शकत नाही, पणजोबांची पहिली बायको असू शकते. १९१८ साली थोरला मुलगा सहा वर्षांचा आणि पणजोबांचं वय चाळिशीत असेल तर ही शंका घ्यायलाच हवी. देवघरातले टाक (देवांच्या आणि पूर्वजांच्या प्रतिमांचे छोटे पत्रे) मोजा. काही घरांत पहिल्या बायकोचा टाक दुसरीला पुजावा लागे. देवांची नावं घेऊन उरलेला टाक कुणाचा, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुनेला विचारा, मुलाला नको.

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. मूळ गाव, आडनाव आणि जात यांवरून वही निघते. आत्ताचा पत्ता सांगून उपयोग नाही. पणजी मुलांना घेऊन गेली असेल तर नावं तिनेच सांगितलेली असणार.

हंड्याला चिंच-मीठ किंवा पितांबरी लावू नका. ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं आधीच उथळ असतात, घासली की संपली. कोरड्या सुती कापडाने पुसा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. चारही बाजूंनी एकेक फोटो. मग पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवा. लग्नातलं भांडं असेल तर देणाऱ्याचं नाव आणि साल असतं, आणि देणारा माहेरचा असेल तर आडनाव मिळालं. मात्र मोड देऊन जुनं भांडं घेतलेलं असू शकतं, तेव्हा एकट्या हंड्यावर माहेर ठरवू नका. आणि लग्नात नाव बदलत. हंड्यावर एक नाव आणि खरेदीखतात दुसरं आलं म्हणून दोन बायका धरू नका.

---

वऱ्हाडी_माणूस

धागा सातारचा आहे, पण वाचणारे सगळीकडचे. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि मराठवाड्यात १९५० च्या दशकातलं खासरा पाहणी पत्रक हे पाये. मराठवाड्यातले त्याआधीचे बरेच कागद उर्दूत, साल फसली. त्यात ५९० मिळवा, एखाद्या वर्षाचा फरक पडतो. जन्म-मृत्यूसाठी आमच्याकडे कोतवाल बुक, तेच गाव नमुना १४. त्यात बापाचं नाव आणि 'मुलगी झाली' एवढंच असतं, आईचं बहुधा नसतं. मृत्यूच्या नोंदीत मात्र बाई स्वतःच्या नावाने येते. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून अशी बरीच पुस्तकं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. जातीसाठी शोधलेली पानं आहेत, पण नाव शोधायला चालतात.

कृष्णाकाठ, तुमच्या पणजीचा मृत्यू १९६१ चा, म्हणजे आजच्या १९६९ च्या कायद्याआधीचा. ग्रामपंचायतीत नाही म्हणाले तर तहसीलला नमुना १४ मागा. सालाच्या मागेपुढे दोन वर्षं पाहा, घरच्या आठवणीतलं साल सहसा कुठल्यातरी लग्नाशी किंवा दुष्काळाशी जोडलेलं असतं.

---

जात्यावर

शाळा कुणी सांगितली नाही. गावच्या जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर काढा. मुलं १९१८ ते १९२५ मध्ये दाखल झाली असतील तर पालकाच्या रकान्यात कोण आहे ते बघा: आई, चुलता की मामा. मामा असेल तर माहेरचं आडनाव मिळालं आणि त्या वर्षांत मुलं आजोळी होती का, हा नवा प्रश्नही.

तोंडी माहिती घेताना 'ती कशी होती' विचारलंत तर 'फार सोसलं बिचारीने' एवढंच उत्तर येईल, त्याचा उपयोग नाही. बैल कुणाचे होते, पेरणीला पाभर कुठून यायची, सारा भरायला चावडीवर कोण जायचं, धान्याची कणगी कुणाच्या किल्लीत, असं विचारा. भावकीतल्या पुरुषांपेक्षा तिच्या मुलींच्या लेकींना जास्त माहीत असतं.

आणि फेरफार काढायला जाण्याआधी चुलत्यांना सांगून जा की वाटणीसाठी नाही, वंशावळीसाठी शोधतोय. तलाठी कार्यालयातून बातमी त्याच संध्याकाळी गावात पोचते, आणि मग ज्या घरात जुनी दप्तरं आहेत त्या घराचं दार बंद होतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सोमवारी भूमी अभिलेखला ९(३)-९(४) साठी अर्ज देतो, मग सूची २. मोडी कागदाचे चार फोटो खाली जोडले आहेत, पाठीसकट. मोडीवाचक, वर्तुळाच्या डावीकडे तीन अक्षरं आहेत, शेवटचं 'बा' वाटतंय. बघाल का?

---

मोडीवाचक

'बा' बरोबर, उजवीकडे 'ई' आहे. आधीची दोन अक्षरं फोटो क्रमांक ३ मध्ये घडीवर आली आहेत. कागद हाताने दाबून एकदम सपाट करायला जाऊ नका, घडीवर तुटेल. दोन दिवस जाड पुस्तकाखाली टिपकागदांमध्ये ठेवा आणि तेवढाच भाग जवळून काढून पाठवा.